दोन्ही बदल बरोबर होते

सोमवार, ४ मार्च

दादा,

कामाचं आहे म्हणून लिहितेय. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण काय बोलणार, हे मला माहीत नाही. कामाचं निदान लिहून काढता येतं.

गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या ॲम्ब्युलन्स केंद्रातलं मशीन अडकलं. बंद पडलं असतं तर लगेच कळलं असतं. हे अडकलं. पडद्यावर सगळं दिसत होतं, घड्याळ पुढे सरकत होतं, माउस हलत होता. फक्त ऑपरेटरनं पत्ता टाकून 'पाठवा' दाबलं की पुढे काहीच होत नव्हतं. त्या वेळी लाइनवर एक बाई होत्या, त्यांच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली होती. ऑपरेटर मुलीनं बटण दाबलं, परत दाबलं, परत दाबलं. शेवटी पत्ता तळहातावर लिहून घेतला आणि ड्रायव्हर लोकांच्या खोलीकडे धावली. गाडी निघाली, पण उशिरा निघाली. तो माणूस वाटेत गेला. दातांच्या कवळ्या बनवायचा. माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता.

त्या मशीनमध्ये फाइली डिस्कवर ठेवणं-हलवणं सांभाळणारी आपली फाइल सिस्टीम आहे. खरं तर तुझी. एका फोल्डरमधली फाइल दुसऱ्यात हलवायचा सगळा भाग तू लिहिलास आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून शिकले. इथली नोकरी सोडून तू तिकडे गेलास, पण हा कोड कुणा एका कंपनीचा नाही, त्यामुळे कुठला भाग कुणी सांभाळायचा त्या राखणदारांच्या यादीत त्या भागापुढे अजून तुझंच नाव आहे.

केंद्राच्या लोकांनी मशीन बंद करून परत चालू केलं. बाकीचे फोन वाजत होते, दुसरं काय करणार होते बिचारे. पण त्यामुळे आत नेमकं काय अडकलं होतं, त्याचा सगळा माग पुसला गेला. माझ्याकडे आता फक्त शंका आहे. शंका कुलपांची आहे. आमच्या मॅनेजरबाईंना मी जसं समजावलं तसंच तुला लिहिते, म्हणजे माझं कुठे चुकत असेल तर तुला दिसेल. एखादं काम फोल्डरमध्ये फेरफार करत असताना दुसऱ्यानं मध्ये हात घालू नये, म्हणून ते त्याला कुलूप लावतं. काम झालं की काढतं. पण एकाच्या हातात एक कुलूप, दुसऱ्याच्या हातात दुसरं, आणि दोघांनाही एकमेकांच्या हातातलं हवंय, असं झालं की दोघं थांबतात. आणि मशीन कधी कंटाळत नाही, ते थांबूनच राहतं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "मग एकाला हाकलून द्यायचं." मी म्हटलं, "कोणाला, तेच तर शोधतेय."

कुलपं कुठल्या क्रमानं घ्यायची हे तू ठरवलंस. वरचं फोल्डर आधी, आतलं नंतर. त्यावर तू एक ओळ लिहून ठेवली आहेस, 'हा क्रम बदलू नये.' का बदलू नये ते लिहिलेलं नाही. तुझ्या स्वभावाला धरूनच आहे म्हणा. पण कारण कळलं तर माझं काम सोपं होईल.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस. मी आपलं सांगून टाकलं.

ठमी


गुरुवार, १४ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं फारसं वाटलंही नव्हतं, तरी रोज सकाळी ऑफिसला पोचल्यावर आधी तेच बघते. सवय वाईट.

प्रयोगशाळेत आम्ही केंद्रातल्यासारखीच मशीन मांडून ठेवली आहेत. एक अख्खं टेबल भरून. त्यांच्यावर खोटे फोन सोडतो, हजारोंनी. तिथलं काम असं चालतं की प्रत्येक फोनची एक फाइल होते, ती आधी 'आलेले' या फोल्डरमध्ये असते आणि गाडी निघाली की 'पाठवलेले'मध्ये जाते. म्हणजे दिवसभर फाइली इकडून तिकडे, इकडून तिकडे. आम्ही बॅकअप चालू ठेवून पाहिला, बंद ठेवून पाहिला. मशीनं नीट चालतात. निर्लज्जासारखी नीट चालतात. एकही अडकत नाही.

माझ्यासोबत चाचणीला खवट आहे, आपण पाठीमागे हेच नाव ठेवलं होतं तिला. तुझ्या वेळची तीच, जी तुला तोंडावर 'कवी' म्हणायची, कारण तुझ्या कोडमध्ये रिकाम्या ओळी फार. ती आता निवृत्तीला आली. हल्ली गुडघ्याला पट्टा बांधून बसते आणि मशीनला शिव्या घालते. परवा म्हणाली, "मला वाटतं हे आपल्याकडून झालंच नाही असं निघावं, म्हणून टेबलावरची ही पोरं इतकी शहाण्यासारखी वागतायत." मी हसले. पण मलाही तेच वाटत होतं. केंद्राच्या वायरिंगमध्ये दोष निघावा, कुणी चहा सांडलेला असावा, काहीही असावं. हे तुला लिहायला हरकत नाही. तू इथे नाहीस.

आज त्या बाई आल्या होत्या, त्या फोनवरच्या, ज्यांचा नवरा वाटेत गेला.

त्यांचं पार्लर आहे, त्यामुळे इथे सगळे त्यांना पार्लरवाल्या बाई म्हणतात, म्हणजे त्या नसताना. स्वागतकक्षात सकाळपासून पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कंपनीच्या वकिलांनी बजावलंय, कुणी भेटायचं नाही, कुणी बोलायचं नाही. सगळे मागच्या दारानं ये-जा करत होते. मला ते जमलं नाही. जेवायच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बोटांना केसांचा रंग लागलेला होता, नखांच्या कडांना काळा. त्यांनीच विचारलं, "मशीन बघणाऱ्या तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"मला भांडायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला कळेल असं सांगा, की काय झालं."

दादा, मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, अजून सापडलेलं नाही. त्यांनी विचारलं, सापडेल का. मी म्हटलं, शोधतोय. मग त्यांनी डॉक्टरांचं सांगितलं. डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, गाडी वेळेवर आली असती तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. "त्यांना सांगता येत नाही, तुम्हाला सांगता येत नाही," असं म्हणून त्या पाणी प्यायल्या आणि निघून गेल्या. आवाज एकदाही चढला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन बाबांना हे सांगितलं. ते ऐकत होते आणि उजवा पाय जमिनीवर दाबत होते. एवढी वर्षं लोकांना गाडी शिकवून त्यांना ती खोडच लागली आहे. कुठे काही वाईट होताना दिसलं की ब्रेक दाबतात. पाय फरशीवर, गाडी कुठेच नाही. मग त्यांनी विचारलं, "हा त्याचाच भाग ना?" त्याचा म्हणजे तुझा. नाव घेत नाहीत, पण टीव्हीवर तुझ्याकडचं हवामान आलं की आवाज वाढवतात.

मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग त्याला विचार."

विचारलंय, असं मी सांगितलं नाही.

ठमी


मंगळवार, २६ मार्च

दादा,

सापडलं.

हुशारीनं सापडलं नाही. खवट आधीच्या चाचणीच्या फाइली एका मशीनवरून पुसायला विसरली. डिस्क जवळजवळ भरलेली राहिली. तशीच चाचणी सुरू झाली आणि काल दुपारी ते मशीन अडकलं. खवटनं मला हाक मारली नाही, उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी वळले तर म्हणाली, "चल. हात लावलेला नाही."

केंद्रातही त्या दिवशी डिस्क भरत आली होती. फोनची जुनी रेकॉर्डिंग कुणी काढलीच नव्हती. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तर ऐक. हे तुला दोन ओळींत कळलं असतं, पण मला सगळं लिहायचंय.

आपली फाइल सिस्टीम कुठलाही बदल करायच्या आधी जर्नलमध्ये लिहून ठेवते, की मी आता अमुक करणार आहे. म्हणजे मध्येच वीज गेली तरी कुठवर आलो होतो ते कळतं. जर्नलची जागा ठरावीक. भरलं की एक काम येऊन ते रिकामं करतं. तुझा जुना नियम होता, आधी जर्नलमध्ये जागा राखून ठेवा, मगच फोल्डरला कुलूप लावा. गेल्या वर्षी तू तो बदललास. आधी कुलूप, आणि जागा लागेल तेव्हा मागायची. कारणही दिलंस, राखलेली जागा बहुतेक वेळा वाया जाते आणि सगळं हळू होतं. तुझं म्हणणं खरं होतं. मोजलं तर वेग वाढलेला दिसतो.

त्याच सुमाराला मी दुसरा बदल केला. बॅकअपमध्ये फाइली अर्धवट येत होत्या, लोकांचा डेटा खराब होत होता. जर्नल रिकामं करणारं काम फोल्डरला कुलूप न लावताच आत डोकावायचं. मी त्याला कुलूप घ्यायला लावलं. बॅकअप नीट यायला लागले. माझंही म्हणणं खरं होतं.

आता डिस्क भरत आलेली असताना काय होतं बघ. मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत शोधावी लागते, नोंदी वाढतात आणि जर्नलही भरून जातं. फाइल हलवणाऱ्यानं फोल्डरला कुलूप लावलंय आणि तो जर्नलमध्ये जागा मागतोय. जर्नल रिकामं करणारा जागा करून द्यायला तयार आहे, पण त्याला फोल्डरचं कुलूप हवंय. झालं. दोघं उभे. त्यांच्या मागे बाकीचे सगळे रांगेत उभे.

तुझा बदल एकटा बरोबर. माझा बदल एकटा बरोबर. दहा जणांनी तपासले, दोन्ही बरोबर होते म्हणून बरोबर म्हणाले. तुझा तुमच्या कंपनीकडून आत आला, माझा आमच्याकडून. नवी आवृत्ती निघाली त्या दिवशी ते पहिल्यांदा शेजारी आले. त्या दिवशी मी रजेवर होते. आईला जाऊन तिसरा दिवस होता.

मी तो बदल हॉस्पिटलमध्ये लिहिला, दादा. आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत, लॅपटॉप मांडीवर घेऊन. ती झोपलेली असायची तेव्हा. आणि तो तपासायला तुला पाठवला होता. राखणदार तू. पंधरवड्यात राखणदारानं हरकत घेतली नाही, तर बाकीच्यांच्या होकारावर बदल आत जातो. तू हरकत घेतली नाहीस. होही म्हणाला नाहीस. तुझ्याच हातानं नुकता केलेला बदल तुझ्या डोक्यात ताजा होता, माझा वाचला असतास तर चहा निवायच्या आत तुला कळलं असतं. जगात हे दोन्ही एका वेळी माहीत असू शकेल असा तूच एकटा माणूस होतास.

का नाही पाहिलंस?

आई गेली तेव्हा का आला नाहीस, हे मी विचारत नाही. ती आजारी असताना तू तुझी नवी आवृत्ती अडकलीय म्हणालास, आईनं ते येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, त्याचं काम अडकलंय हो, अभिमानानं सांगितलं. ते तुझं तुझ्यापाशी. मी कामाचं विचारतेय. ती मेल तू का उघडली नाहीस?

सोबत दुरुस्ती पाठवतेय. या वेळी ती तू पाहिल्याशिवाय आत जाणार नाही. तसा नियम आहे म्हणून नाही, मी जाऊ देणार नाही म्हणून.

ठमी


शनिवार, ६ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर गेल्या आठवड्यातच मिळालं. वर दुरुस्तीबद्दल लिहिलंयस ते आधी घेते.

तू म्हणतोस ते खरं आहे, एक वाट माझ्याकडून राहिली होती. आधी जागा राखून मग कुलूप लावायचं, हा तुझा जुना क्रम मी परत आणला. पण ज्या फोल्डरमध्ये फाइल जायची तेच भरलेलं असेल, तर ते वाढवायला जागा जास्त लागते, आणि मग कुलूप हातात असताना परत जागा मागावी लागते. म्हणजे तोच फास, दुसऱ्या दारानं. 'अशा वेळी हातातलं सगळं सोडून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं,' असं तू लिहिलंस. तसं केलं. खवटनं सगळ्या मशीनच्या डिस्क मुद्दाम काठोकाठ भरल्या आणि आठवडाभर चाचणी चालवली. अडकलं नाही. तुझी सहीही आली, 'पाहिलं. बरोबर आहे.'

आता खालचं. 'मेल आली होती. तुझं नाव दिसलं, पुढे तातडीनं बघ असं होतं. आईचं असेल असं वाटलं, म्हणून उघडली नाही.'

एवढंच लिहिलंयस.

मी ते वाचलं तेव्हा कॅन्टीनमध्ये होते. हातात ताट होतं. ताट परत ठेवलं आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. मला चिडायचं होतं. इतके दिवस मी चिडायची तयारी करून बसले होते, तू काहीही लिहिलं असतंस, वेळ नव्हता, लक्ष गेलं नाही, तर मी तुझी सालटी काढली असती. पण हे वाचून मला तू दिसलास. कुठल्यातरी खोलीत पडद्यासमोर बसलेला, माझं नाव बघत असलेला आणि बटणाकडे हात न नेणारा. लहानपणी निकालाचं पाकीट आलं की तू गच्चीवर जाऊन बसायचास, आणि मी ते फोडून खालून ओरडून सांगायचे.

'तातडीनं बघ' मी तुला नेहमीच लिहायचे. प्रत्येक बदलाला. तू पाहावंस म्हणून.

बाबांना दाखवलं नाही. दाखवणार होते, पण ते गाढ झोपले होते, आणि उठल्यावर मला धीर झाला नाही.

तिकडे केंद्रात मात्र घोडं अडलंय. दुरुस्ती तयार आहे, तपासलेली आहे, मी पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः गेले. केंद्रप्रमुख गृहस्थ आहेत, शांत. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "बाई, मागच्या आवृत्तीबरोबर पण तुमच्याकडून तपासलंय असंच लिहून आलं होतं. ही मी घाईनं कशी घालू?" त्यांच्या नियमाप्रमाणे आधी त्यांची समिती तपासणार, मग सुटं मशीन महिनाभर चालवून बघणार, मग रात्रंदिवस चालणारं काम काही मिनिटं दुसऱ्या केंद्राकडे सोपवून हे बदलणार. मी म्हटलं, तोवर परत अडकलं तर? ते म्हणाले, "तोवर आम्ही डिस्क रिकामी ठेवतोय, आणि प्रत्येक टेबलावर कागद-पेन ठेवलंय. अजून काय करू ते तुम्ही सांगा."

मी पेन ड्राइव्ह त्यांच्या टेबलावर ठेवून आले. मी त्यांच्या जागी असते तर माझाही माझ्यावर विश्वास बसला नसता.

ठमी


शुक्रवार, १७ मे

दादा,

परत अडकलं. इथे नाही. दुसऱ्या एका शहरात, जिथे हीच आवृत्ती आहे. त्यांना आम्ही कळवलं होतं, दुरुस्तीही पाठवली होती. त्यांचीही समिती आहे.

एक म्हाताऱ्या बाई न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. तशाच ओल्या फरशीवर पडून राहिल्या. वाचल्या. मला ही बातमी मॅनेजरबाईंनी सांगितली ती "वाचल्या" या शब्दानं सुरू करून. 

दुरुस्ती माझ्या मशीनमध्ये पडून आहे. मी ती रोज उघडते, वाचते, बंद करते. त्यात आता करण्यासारखं काही नाही. बरोबर आहे ती.

तू काल फोन केलास. मी उचलला तर तू विचारलंस, दुरुस्ती लावली का. मी नाही म्हटलं. तू म्हणालास, बरं. मग आपण दोघंही तसेच लाइनवर होतो. तुझ्याकडे कुठेतरी पाणी वाहत होतं, नळाचं किंवा पावसाचं. नंतर बाबांनी विचारलं, कोणाचा होता? मी सांगितलं, तुझा.  संध्याकाळी मला म्हणाले, "परत आला तर मी घरात आहे म्हणून सांग." मी म्हटलं, तुम्ही घरातच असता बाबा. ते म्हणाले, "तरी सांग."

म्हणून सांगतेय. ते घरात असतात.

ठमी


बुधवार, १२ जून

दादा,

आज केंद्रात दुरुस्ती लागली, ते तुला माहीत आहे. तू पूर्ण वेळ फोनवर होतास. काही बिनसलं तर तू हाताशी असावास म्हणून फोन मी टेबलावर उघडा ठेवला होता. पण फोनवरून तुला फक्त आवाज आले. जे दिसलं ते लिहिते, कारण शेवटी तू विचारलंस ते मी टाळलं.

खोली मोठी नाही. अर्धगोल टेबलं, प्रत्येकापुढे दोन पडदे, खुर्च्यांना मानेपर्यंत उंच पाठ. प्रमुख दाराशी उभे होते. आणि त्यांच्या शेजारी पार्लरवाल्या बाई. मला माहीत नव्हतं त्या येणार आहेत. त्यांनी प्रमुखांना भेटून परवानगी घेतली होती, आपल्याला बघायचंय एवढंच म्हणाल्या होत्या. वकिलांनी नको म्हटलं असणार. प्रमुखांनी ऐकलं नाही.

सापडलं तेव्हा मी त्यांना जाऊन सांगितलं होतं, हे तुला लिहिलं नव्हतं. त्यांच्या पार्लरमध्येच सांगितलं, एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला मेंदी लावून ठेवली होती तेवढ्या वेळात. दोन बदल होते, दोन्ही बरोबर होते, एकत्र आल्यावर अडकले. त्यांनी विचारलं, "म्हणजे कोणाचंच चुकलं नाही?" मी म्हटलं, ते दोन बदल ज्यांनी केले ती आम्ही भाऊबहीण आहोत, आणि तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.  मला वाटलं आता तरी काही बोलतील. त्या उठल्या आणि गिऱ्हाइकाचं डोकं धुवायला गेल्या.

तर आज. काम थोडा वेळ दुसऱ्या केंद्राकडे दिलं, मशीन बंद झालं, खवटनं वायर तपासली, मी दुरुस्ती घातली, मशीन परत उठलं. तू म्हणालास, "जर्नलचा आकार बघ," मी पाहिला. तू म्हणालास, "ठीक." मग लाइन परत आपल्याकडे घेतली आणि सगळे गप्प बसले. फोन येण्याची वाट बघत बसणं किती विचित्र असतं. कुणाचंतरी काहीतरी वाईट झाल्याशिवाय आपलं काम झालं की नाही ते कळणार नव्हतं.

पहिला फोन कोपऱ्यातल्या टेबलावर आला. ती ऑपरेटर मुलगी मला पाठमोरीच दिसत होती, खुर्चीच्या पाठीवरून नुसता अंबाडा. तिनं पत्ता विचारला, टाकला, बटण दाबलं. पडद्यावरची ओळ तांबडीची हिरवी झाली. पापणी लवायच्या आत. गाडी निघाल्याचा आवाज खालून आला. तो तुलाही आला असेल.

बाई माझ्या शेजारी होत्या. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "एवढंच?"

मी म्हटलं, "हो. एवढंच."

त्या तशाच बघत होत्या. तेवढ्यात ती ऑपरेटर फोनवरच्या माणसाला म्हणाली, "गाडी निघालीय. फोन ठेवू नका, मी आहे." पार्लरवाल्या बाईंनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की अजून ठणकतंय. त्या दिवशी त्यांना 'फोन ठेवू नका, मी आहे' हेच शब्द ऐकू आले होते, याच आवाजात. आधी शब्द, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग कुणीच नाही, ती पत्ता घेऊन धावली होती. त्यांनी मला हे नंतर जिन्यात सांगितलं. त्या वेळी फक्त म्हणाल्या, "हीच."

मग त्या चालत त्या टेबलापाशी गेल्या. प्रमुख पुढे झाले होते, पण थांबले. बाई त्या मुलीच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. तिला लागू दिले नाहीत, फक्त खुर्चीला. मुलीला कळलंच नाही. ती फोनवरच्या माणसाशी बोलत होती. पेशंटला कुशीवर वळवायला सांगत होती. श्वास चालू आहे का विचारत होती. आणि बाई तिच्या मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, शेवटपर्यंत, गाडी पोचली असं पलीकडून कुणीतरी सांगेपर्यंत.

तेव्हा तू फोनवरून विचारलंस, "काय झालं? सगळे गप्प का?"

मी म्हटलं, "काही नाही. चालतंय."

चालतंय, दादा. पण काही झालं नाही, हे खरं नव्हतं. म्हणून लिहिलं.

ठमी